अंतर्गत गुणांची जागा : कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संलग्न महाविद्यालयातील अध्यापक

प्रास्ताविक

३० नोव्हेंबर २०२२ रोजी 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात कृत्रिम बुद्धिमत्तेइतकी चर्चा क्वचितच दुसऱ्या एखाद्या विषयाची झाली असेल. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये या संदर्भातील मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२५ हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे वर्ष म्हणून जाहीर केले. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात शिक्षणासाठीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या उत्कृष्टता केंद्राकरिता पाचशे कोटी रुपयांची घोषणा झाली. चर्चासत्रांची तर गणतीच नाही. या चर्चासत्रांतील निबंधांचा सूर साधारणतः दोन प्रकारचा असतो. काही निबंध नव्या तंत्राचे स्वागत करून अध्यापकाने 'काळाबरोबर' जावे असे सुचवतात, तर काही निबंध विद्यार्थ्यांची विचारशक्ती खुंटेल म्हणून चिंता व्यक्त करतात. दोन्ही सुरांत एक समान गृहीत दडलेले आहे. अध्यापक आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवतो, प्रश्न स्वतः काढतो आणि उत्तरेही स्वतःच तपासतो, हे ते गृहीत होय. त्यामुळे 'प्रश्न बदला, मूल्यमापन बदला' एवढे सांगितले की निबंध संपतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील परिस्थितीस हे गृहीत कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. (जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे बदलले, संस्थांची नावे येथे रूढ आहेत तशीच ठेवली आहेत.) जिल्ह्यात राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, लोणीचे वैद्यकीय अभिमत विद्यापीठ आहे, तेथे अध्यापन आणि परीक्षण एकाच संस्थेच्या अखत्यारीत चालते. काही महाविद्यालयांना अलीकडे स्वायत्तता मिळाली आहे. परंतु कला, वाणिज्य व विज्ञान शाखांची बहुसंख्य महाविद्यालये आजही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. जामखेड, पाथर्डी, शेवगाव किंवा अकोले येथील अध्यापकाला कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न भेटतो तो या संलग्नतेच्या चौकटीत. ही चौकट वगळून केलेली चर्चा कितीही अद्ययावत असली तरी ती आपली होत नाही.

शिकवणारा एक, विचारणारा दुसरा

मुंबई, कलकत्ता व मद्रास ही विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या तत्कालीन नमुन्यावर. महाविद्यालयांनी शिकवावे आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यावी, अशी ती विभागणी होती. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर महाविद्यालय सुरू केले तेव्हा पुणे विद्यापीठ अस्तित्वातही नव्हते. ते १९४९ मध्ये स्थापन झाले. जिल्ह्यापुरते विद्यापीठ बदलले, विभागणी मात्र तीच राहिली.

या व्यवस्थेचे गुण नाकारता येणार नाहीत. जामखेडच्या विद्यार्थिनीची उत्तरपत्रिका आणि पुण्याच्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका एकाच गठ्ठ्यात पडते आणि नाव, गाव, जात न पाहता तपासली जाते. ग्रामीण विद्यार्थ्याला या निनावीपणाने पुष्कळ दिले आहे. मात्र त्याची किंमत अध्यापकाला मोजावी लागली. आपण जे शिकवले ते विचारण्याचा अधिकार त्याच्याकडे राहिला नाही. जे विचारले जाईल ते शिकवणे एवढेच त्याचे काम उरले. बाजारातील गाइडे, अपेक्षित प्रश्नसंच आणि वर्गात सांगून उतरवून दिलेली टिपणे ही याच व्यवस्थेची अपत्ये होत.

सत्र पद्धती आणि श्रेयांक पद्धती आल्यानंतर या चित्रात थोडा बदल झाला. शंभरांपैकी साधारणतः तीस गुण अंतर्गत मूल्यमापनासाठी, म्हणजे वर्गात प्रत्यक्ष शिकवणाऱ्याच्या हाती आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अनुषंगाने राज्यातील संलग्न महाविद्यालयांत पदवी स्तरावर २०२४-२५ पासून जी रचना सुरू झाली, तीत क्षेत्रीय प्रकल्प, प्रत्यक्ष कार्य प्रशिक्षण आणि समुदाय सहभाग यांना स्वतंत्र श्रेयांक आहेत. म्हणजे स्वतःचा प्रश्न स्वतः विचारण्याची थोडीशी जागा अध्यापकाला मिळाली, आणि नेमक्या त्याच जागेवर यंत्र येऊन बसले. सत्रान्त परीक्षा आजही पर्यवेक्षकासमोर हाताने लिहावी लागते. तिला या यंत्राचा विशेष उपसर्ग नाही. उपसर्ग आहे तो घरून लिहून आणावयाच्या स्वाध्यायाला, प्रकल्पाला आणि अहवालाला.

यावर चटकन सुचणारा उपाय म्हणजे स्वाध्याय बंद करून पुन्हा लेखी चाचणीकडे वळणे. ज्यांच्या वर्गात शंभरावर विद्यार्थी आहेत अशा अध्यापकांना तो मोह पडला तर त्यांना दोष देता येत नाही. परंतु त्याचा अर्थ, जी थोडीशी जागा मिळाली होती ती आपण होऊन परत करणे, असा होतो.

आणि येथे एक अप्रिय गोष्टही नोंदवावयास हवी. अंतर्गत गुणांचा आपला आजवरचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. हे गुण अनेकदा सरसकट दिले जातात. स्वाध्यायाची एक वही वर्गभर फिरते आणि तीवरून इतर वह्या तयार होतात, हे महाविद्यालयात काम करणाऱ्या कोणासही नवीन नाही. तेव्हा यंत्राने अप्रामाणिकपणा जन्माला घातला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. फरक पडला तो दृश्यतेत. पूर्वी साठ वह्यांत एकच उत्तर असे आणि ते उघड्या डोळ्यांना दिसे. आता साठ वह्यांत साठ निरनिराळी उत्तरे असतात, आणि त्यांपैकी कोणते विद्यार्थ्याचे हे ओळखण्यासाठी त्या विद्यार्थ्याला ओळखावे लागते.

नियम काय मोजतात

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये शैक्षणिक सचोटीचे संवर्धन आणि वाङ्मयचौर्यास प्रतिबंध यांसंबंधीचे नियम अधिसूचित केले. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य आढळल्यास प्रबंध सहा महिन्यांपर्यंतच्या मुदतीत सुधारून द्यावयाचा. चाळीस ते साठ टक्क्यांस एक वर्षाची बंदी. आणि त्यापलीकडे नोंदणी रद्द, अशी ती श्रेणी. हे नियम निष्काळजीपणे केलेले नव्हते. सामान्य ज्ञानाच्या बाबतीत सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्य वगळण्याची दक्षताही त्यांत घेतलेली आहे. २०१९ मध्ये 'शोधशुद्धी' उपक्रमाद्वारे विद्यापीठांना साम्य तपासणारी संगणक प्रणालीही उपलब्ध झाली.

परंतु या नियमांचा सारा भर साम्यावर आहे. दुसऱ्या कोणाचे काम किंवा कल्पना घेऊन ती स्वतःची म्हणून मांडणे, ही त्यांतील वाङ्मयचौर्याची व्याख्या. यंत्र हे या अर्थाने 'दुसरे कोणी' आहे काय? ते एखाद्या ग्रंथातील उतारा सहसा जसाच्या तसा उचलत नाही. वाचलेल्या प्रचंड मजकुराच्या आधारे पुढचा संभाव्य शब्द निवडत ते दर वेळी नवे वाक्य जुळवते. परिणामी यंत्राकडून लिहून घेतलेला प्रबंध साम्याच्या कसोटीवर बहुधा स्वच्छ ठरतो, आणि अवतरणचिन्हे द्यावयास विसरलेला प्रामाणिक संशोधक मात्र सापडतो. कसोटी ज्या रोगासाठी होती तो रोगच बदलला आहे.

त्याहून महत्त्वाची बाब अशी की, याच नियमांतील लेखनाच्या व्याख्येतून स्वाध्याय, सत्रनिबंध, प्रकल्प अहवाल आणि उत्तरपत्रिका स्पष्टपणे वगळलेल्या आहेत. पदवी वर्गाला शिकवणारा अध्यापक ज्या लेखनाशी रोज झगडतो, ते लेखनच नियमाच्या बाहेर आहे. यात काहींना उणीव दिसेल. प्रस्तुत लेखकास त्यात एक संधीही दिसते, कारण ज्याबद्दल वरून टक्केवारी आलेली नाही त्याबद्दल महाविद्यालयाला स्वतःचा विचार करता येतो.

यंत्रलिखित मजकूर ओळखणाऱ्या प्रणालींवर विसंबण्याचा सल्लाही वारंवार दिला जातो. त्यांचा अनुभव बोलका आहे. चॅटजीपीटी तयार करणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःच अशी एक प्रणाली जानेवारी २०२३ मध्ये आणली आणि तिची अचूकता कमी असल्याचे सांगून त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतली. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिनची ही सोय बंद केली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध अशा प्रणालींनी यंत्रलिखित ठरवले. कारण समजण्यासारखे आहे. ज्याचा शब्दसंग्रह मर्यादित आहे, जो पाठ केलेल्या साच्यांत लिहितो, त्याचे वाक्य पुढे कोठे जाणार हे सहज ओळखता येते. आणि सहज ओळखता येणे हीच या प्रणालींच्या लेखी यंत्राची खूण. कर्जत किंवा अकोले तालुक्यातील आश्रमशाळेतून आलेला विद्यार्थी अनिवार्य इंग्रजीच्या स्वाध्यायात नेमके असेच इंग्रजी लिहितो. उलट टर्निटिनची ही सोय २०२३ मध्ये सुरू झाली ती केवळ इंग्रजीपुरती. म्हणजे इंग्रजीत स्वतः लिहिणारा संशयित, आणि मराठीत यंत्राकडून लिहून घेणारा निर्धास्त!

आपल्याकडेही हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला आहे. हरियाणातील एका खासगी विद्यापीठाच्या विधी शाखेतील पदव्युत्तर विद्यार्थ्याचे उत्तर यंत्रलिखित ठरवून त्यास अनुत्तीर्ण करण्यात आले, तेव्हा त्याने २०२४ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात याचिका केली. विद्यापीठाने नंतर त्यास उत्तीर्ण केल्यामुळे याचिका निकाली निघाली आणि मूळ प्रश्नावर निर्णय झाला नाही. तो विद्यार्थी कायद्याचा होता, म्हणून न्यायालयात जाऊ शकला. पहिल्या पिढीत शिकणारा पदवीचा विद्यार्थी अशा आरोपानंतर कोठे जाईल? बहुधा तो महाविद्यालयच सोडेल.

यंत्राची मराठी आणि टिपणांची मराठी

यंत्राने लिहिलेली मराठी निर्जीव असते, अशी तक्रार भाषेच्या अध्यापकांकडून ऐकू येते आणि ती खोटी नाही. प्रत्येक परिच्छेद सारख्या लांबीचा, प्रत्येक गोष्ट 'महत्त्वाची भूमिका' बजावणारी, मत द्यावयाची वेळ आली की दोन्ही बाजूंना अर्धे अर्धे देणारी, आणि इंग्रजी वाक्याची घडण अंगावर वागवणारी अशी ती भाषा असते. तथापि 'ग्रामीण साहित्याची वैशिष्ट्ये स्पष्ट करा' या प्रश्नाला आपण आजवर कोणत्या उत्तरास प्रथम श्रेणीचे गुण दिले, हेही आठवून पाहावे. प्रस्तावना, सहा मुद्दे, प्रत्येक मुद्द्याखाली चार ओळी, 'अशा प्रकारे' ने सुरू होणारा समारोप. यंत्र हाच साचा आपल्याहून सफाईने भरते. यंत्राला सहज देता येते असे उत्तर आपण विद्यार्थ्याकडून मागत आलो, ही या प्रकरणातील खरी टीकास्पद बाब आहे. प्रश्नच पाठांतराचा असेल तर पाठांतर कोणी केले, विद्यार्थ्याने की यंत्राने, याने शिक्षणाचे फारसे बिघडत नाही.

बिघडते ते वेगळ्या ठिकाणी. नगरशी जवळचे नाते असलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाईंचे रीतसर शालेय शिक्षण झालेले नव्हते. त्यांचे गद्य आजही वाचले जाते ते त्यातील बोलीच्या, घरगुती, अचानक वळण घेणाऱ्या वाक्यांमुळे. असा मजकूर यंत्राला 'सुधारून दे' म्हणून दिला तर ते पहिल्याप्रथम हेच सारे काढून टाकील. आपल्या वर्गातील विद्यार्थी लक्ष्मीबाई नव्हेत, हे खरे. पण त्यांच्या पहिल्या कच्च्या लेखनात गावाकडचा शब्द, मोडकी पण स्वतःची उपमा, चुकीच्या जागी आलेले पण खरे निरीक्षण असते. अध्यापक त्यावर तांबड्या शाईने खूण करतो, दोन शब्द बोलतो आणि विद्यार्थी पुन्हा लिहितो. ग्रामीण भागातील अनेक विद्यार्थ्यांच्या आयुष्यात असे लिहिण्याची संधी या तीन-चार वर्षांखेरीज पुन्हा येत नाही. स्वाध्याय यंत्राने लिहिला की ही संधी जाते. गुण मात्र मिळतात, आणि गुण मिळाले म्हणून काही गेले हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

याची दुसरी बाजू आहे, ती डावलणे अन्यायाचे होईल. संदर्भग्रंथ इंग्रजीत, व्याख्यान मराठीत आणि घरची बोली तिसरीच, अशा स्थितीतील विद्यार्थ्याला यंत्र एखादा इंग्रजी परिच्छेद मराठीत, न रागावता, दहा वेळा समजावून सांगते. तंत्रशिक्षण परिषदेची 'अनुवादिनी' प्रणाली पाठ्यपुस्तकांचा भारतीय भाषांत अनुवाद करण्यासाठी वापरली जात आहे, आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'अस्मिता' प्रकल्पात भारतीय भाषांतून पाच वर्षांत बावीस हजार पुस्तके सिद्ध करण्याचा संकल्प आहे. ही पुस्तके शेवटी मराठी वाचणाऱ्या अध्यापकाच्या नजरेखालून जाणार किंवा नाही, यावर त्यांचे मूल्य ठरेल.

साक्षीदार कोण

यंत्राबाबतची दुसरी गंभीर अडचण संदर्भांची आहे. विचारलेल्या विषयावर ग्रंथ नसेल तर ते ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशनवर्ष सारे तयार करून देऊ शकते. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी अस्तित्वात नसलेले न्यायनिवाडे यंत्राकडून घेऊन न्यायालयात सादर केले आणि त्यांना दंड झाला, ही घटना सर्वश्रुत आहे. मराठीत हा धोका अधिक संभवतो. कारण आपली जुनी नियतकालिके, संस्थांचे अहवाल, स्थानिक इतिहासाची पुस्तके मोठ्या प्रमाणावर संगणकावर आलेलीच नाहीत. पोकळी जितकी मोठी तितकी कल्पित भर घालण्यास जागा अधिक.

आधार सांगण्याची शिस्त ही पाश्चात्त्य विद्यापीठांची देणगी आहे, असा एक समज आपल्याकडे आढळतो. राहुरी तालुक्यातील ताहराबादचे महिपती यांनी १७६२ मध्ये 'भक्तविजय' पूर्ण केला, तेव्हा आपण ही चरित्रे स्वतःच्या कल्पनेने रचलेली नाहीत, नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांचा आपणास आधार आहे, असे त्यांनी आरंभीच सांगून ठेवले. चरित्रांतील चमत्कार आजच्या इतिहासदृष्टीस पटोत अथवा न पटोत. आपला आधार कोणता हे नावानिशी सांगण्याचे दायित्व त्या कवीने स्वीकारले होते. यंत्राच्या उत्तरामागे असा कोणी उभा नसतो. म्हणून यंत्राकडून आलेल्या वाक्याची साक्ष ते वापरणाऱ्याने स्वतः द्यावयास हवी. विद्यार्थ्याला हे शिकवावयाचे तर अध्यापकाने ते आधी स्वतःच्या लेखनात पाळले पाहिजे.

या बाबतीत आपली बाजू दुबळी आहे. २०१० च्या नियमांतील कामगिरी-निर्देशांकांमुळे शोधनिबंधांची संख्या हा पदोन्नतीचा मोजदंड झाला. पुढे मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी आली, मग 'केअर' यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद होऊन नियतकालिकांची पारख करण्याचे काम संस्थांकडे आले. संख्येच्या या शर्यतीत यंत्राचा आधार घेण्याचा मोह विद्यार्थ्यापेक्षा अध्यापकाला कमी आहे, असे कोणी म्हणू नये. मूल्यांकन समितीसाठी लिहावयाच्या अहवालांबद्दल तर बोलावयासच नको. त्यांची भाषा यंत्र येण्यापूर्वीच यंत्राची झाली होती. महाविद्यालयीन नियतकालिकांनी लेखकाकडून कोणत्या टप्प्यावर कोणते यंत्र वापरले याचे एका परिच्छेदाचे निवेदन मागावे आणि समीक्षकाने किमान पाच संदर्भ प्रत्यक्ष उघडून पाहावेत, एवढे करण्यास कोणत्याही यादीची आवश्यकता नाही.

विद्यार्थ्यांसाठी 'स्थानिक प्रश्न विचारा' असे सुचवले जाते, तेही थोडे तपासून घ्यावे लागेल. राळेगणसिद्धी किंवा हिवरे बाजार यांवर प्रकल्प दिला तर यंत्र तो उत्तम लिहील; कारण या दोन गावांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच पारनेर व नगर तालुक्यांतील ज्या गावांवर कोणी लिहिलेले नाही, तेथील विहिरींची पातळी दर महिन्यास मोजणे, पाथर्डीकडील ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबातील आजीकडून जाण्यायेण्याच्या तारखा विचारून घेणे, अकोल्यातील भाताच्या जुन्या जातींची नावे तेथल्या बोलीत उतरवणे, असा प्रकल्प यंत्राला घरबसल्या करता येत नाही. त्याचा अहवाल विद्यार्थ्याने यंत्राच्या मदतीने नीटनेटका केला तरी नोंदवही त्याचीच असते. नोंदवहीला गुण द्यावेत आणि अहवालाला कमी, एवढा बदल अंतर्गत मूल्यमापनाच्या विद्यमान चौकटीतही बसतो.

नोंदवहीबरोबर विद्यार्थ्याशी बोलावेही लागेल, आणि येथे अडचण तत्त्वाची नसून वेळेची आहे. वर्गात एकशे वीस विद्यार्थी असतील आणि प्रत्येकाशी दहा मिनिटे बोलावयाचे ठरवले तर एका विषयासाठी वीस तास लागतात. अध्यापकांच्या अनेक जागा वर्षानुवर्षे रिक्त आहेत आणि वर्गाचा भार तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर आहे. त्यांना मानधन मिळते ते घेतलेल्या तासिकांचे. मौखिकीसाठी विद्यार्थ्यासमोर बसलेल्या वीस तासांची नोंद त्यात होत नाही. प्रत्येक सत्राच्या वेळापत्रकात हे वीस तास तासिका म्हणून दाखवणे आणि त्यांचे मानधन देणे, हा ठराव महाविद्यालय विकास समितीपुढे मांडता येण्यासारखा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवरील पुढील चर्चासत्राच्या खर्चाचे अंदाजपत्रक त्याच बैठकीत येईल, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहता येतील.